माणसं बदलली तरी बँड तोच का? डेमॉनिक रेझरेक्शन आणि मुंबईचे मेटल बँड

रात्रपाळी

हेवी मेटल संगीतावर इथे अधूनमधून धागे निघतात, पण ते मेटालिका आणि आयर्न मेडन या बँडांच्या पुढे सरकत नाहीत. आपल्या मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनवर (पुढे डीआर म्हणतो, बोटं दुखतात) एकही धागा सापडला नाही, म्हणून हा प्रपंच.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: २००० साली साहिल मखिजाने मुंबईत हा बँड काढला. स्टेजवर तो डेमॉनस्टीलर, आणि बँडच्या पहिल्या अल्बमचं नावही तेच. मग २००५ ला 'अ डार्कनेस डिसेंड्स', २००७ ला 'बियाँड द डार्कनेस' हा ईपी (म्हणजे छोटा अल्बम), २०१० ला 'द रिटर्न टू डार्कनेस'. हा अल्बम इंग्लंडच्या कँडललाइट रेकॉर्ड्सने बाहेर काढला, त्याच वर्षी बँडने नॉर्वेच्या इन्फर्नो महोत्सवात वाजवलं आणि मेटल हॅमर मासिकाच्या गोल्डन गॉड्स पुरस्कारांत ग्लोबल मेटलचं बक्षीसही घेतलं. २०१४ ला 'द डीमन किंग' आणि जर्मनीतला वाकेन महोत्सव. २०१७ ला 'दशावतार'. बाज डेथ आणि ब्लॅक मेटल या कर्कश, वेगवान पोटप्रकारांचा, वर कीबोर्डचा भरजरी थर.

आता मुद्दा. 'रिटर्न टू डार्कनेस'वर साहिलबरोबर गिटारला डॅनिएल रेगो, बासला हुसेन बंदूकवाला, ड्रमला वीरेंद्र कैथ, कीबोर्डला मेफिस्टो. चार वर्षांनी 'द डीमन किंग' आला तेव्हा गिटारला निशिथ हेगडे आणि बासला अश्विन श्रियन. 'दशावतार'वर मेफिस्टोही नाही. पहिल्या अल्बमपासून शेवटच्या अल्बमपर्यंत टिकलेला माणूस एकच, साहिल.

तर प्रश्न असे. हा बँड तोच म्हणायचा, की साहिलचं दुकान आणि बाकीचे येणारे-जाणारे? आणि आपल्याकडच्या बँडांतून माणसं इतकी का गळतात? दरवेळी भांडणंच असतात का?

शिळोप्याची

शीर्षक वाचून वाटलं वरातीच्या बँडबद्दल आहे. आता आलेच आहे तर बसते. वाचतेय.

वामकुक्षी

वरातीच्या बँडमधेही माणसं बदलतात हो, फक्त डगला तोच राहतो. हलके घ्या.

जुनीकॅसेट

रात्रपाळी, चांगला विषय काढलात. पण ही गोष्ट २००० पासून सुरू होत नाही. मुंबईत गोंगाटाच्या बँडचं घराणं सांगायचं तर १९८४ पर्यंत मागे जावं लागतं, रॉक मशीनपर्यंत.

महेश तिनईकर गिटारला, मार्क सेल्विन बासला, गायला इयन सांतामारिया. आज लोक ज्याच्या आवाजावरून हा बँड ओळखतात तो उदय बेनेगल मूळ संचात नव्हताच, मागाहून आला. म्हणजे तुमच्या हिशेबाने त्याला 'नंतरचा माणूस' म्हणावं लागेल. म्हणून बघा कोणाला तरी! १९८८ ला 'रॉक अँड रोल रेनेगेड', १९९० ला 'द सेकंड कमिंग'. स्वतः लिहिलेली इंग्रजी गाणी आणि स्वतःचा अल्बम, तेही अशा काळात जेव्हा कॉलेजच्या स्पर्धेत परदेशी गाणं जितकं हुबेहूब वाजवाल तितके गुण मिळायचे.

१९९३ ला नाव बदलून इंडस क्रीड झालं, १९९५ ला त्याच नावाचा अल्बम, १९९७ ला खेळ खलास. उदय आणि जयेश गांधी न्यू यॉर्कला गेले, तिथे त्यांनी आम्स फॉर शांती हा बँड काढला. २०१० ला इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला तो असा: उदय, महेश आणि कीबोर्डवाला झुबिन बालापोरिया हे जुने, बासला रुशाद मिस्त्री आणि ड्रमला जय रो कवी हे नवे. २०१२ ला 'इव्हॉल्व्ह'. नाव बदललं, माणसं बदलली, मधे तेरा वर्षांचं भगदाड, तरी कोणी 'हा तोच बँड का' असं विचारलं नाही. लोक 'टॉप ऑफ द रॉक' वाजवा म्हणून ओरडत होते.

आता थोडं अवांतर, वय झालंय, चालवून घ्या. इंडिपेंडन्स रॉक हे रॉक संगीताचं संमेलन १९८६ ला सुरू झालं, धोबी तलावच्या रंगभवनात, झेवियर्सच्या शेजारी. फरहाद वाडियाने ते उभं केलं. नावाप्रमाणे पंधरा ऑगस्टच्या आगेमागे, म्हणजे ऐन पावसात, आणि रंगभवनाला छप्पर नाही. पावसाची सर आली की स्टेजवरची पोरं आधी अँप्लिफायरवर निळं प्लास्टिक टाकायची, मग स्वतःचं डोकं झाकायची. आम्ही खाली तसेच. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात ती जागा गेली. डीआरच्या पिढीला रंगभवन जेमतेम मिळालं असेल नसेल. त्यांच्या वाट्याला जुहूचं रॅझबेरी ऱ्हायनोसेरस हा क्लब आला.

साडेसातसप्तक

जुनीकॅसेटकाका, आदर आहे, पण रॉक मशीन मेटल नाही. हार्ड रॉक. 'प्रिटी चाइल्ड' ऐकून कोणाच्या मानेला लचक भरल्याचं ऐकलं नाही. मुंबईत खरं मेटल डीआर, भयानक मौत, झिग्नेमा यांच्यापासून.

जुनीकॅसेट

@साडेसातसप्तक, १९८८ ला केस खांद्याखाली आणि गिटारचा आवाज फाडलेला असला की आमच्या वर्गात त्याला मेटलच म्हणत. तुमच्या पिढीने चौसष्ट पोटजाती पाडल्या, त्याला मी काय करू?

ठाण्याचा_डबलबास

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण मी ड्रमर आहे आणि तीन वेगवेगळ्या बँडांतून गळलो आहे. भांडणं असतात, पण ती कारण नसतात, निमित्त असतात. खरी कारणं जागा, पैसा आणि वय.

आधी जागा. गिटारवाला हेडफोन लावून रात्री दोनला घरी सराव करू शकतो. ड्रमरने काय करायचं? या संगीतात दोन्ही पायांनी बास ड्रम मारायचा असतो, मिनिटाला दोनशेच्या लयीत सोळाव्या मात्रा, आणि वर ब्लास्ट बीट, म्हणजे हातापायांचा अखंड भडिमार. हे अंगात बसायला रोज तास-दीड तास पाय चालवावे लागतात. वन रूम किचनमधे खरा सेट ठेवणं विसरा. मी रबरी पॅडवर शिकलो, तरी पॅडलचा दणका जमिनीतून खाली जातोच. खालच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, 'मसाला मशीनवर कुटून घे ना रे, एवढा स्वस्त मिळतो.' त्यांना वाटलं आम्ही रोज खलबत्ता घेऊन बसतो. मग उरते तासावर भाड्याची जॅम रूम, तीही अंधेरी नाहीतर गोरेगावला, आणि सगळ्यांना सोयीची वेळ एकच, रविवार दुपार. लोकलमधून स्नेअर आणि डबल पॅडलची पेटी घेऊन जायचं. झांजा असतील तर त्यांची वेगळी पिशवी.

म्हणून असं वाजवणारे ड्रमर मोजके आणि तेच तीनचार बँडांत वाटून घेतलेले. एकाच रात्री तीन बँड असले तर मागे बसलेला चेहरा तोच, फक्त टी-शर्ट बदललेला. अशात एकाने शहर सोडलं की तीन बँड एकदम लंगडे होतात.

आता पैसा. आपल्याकडे या संगीतावर घर चालत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. रेकॉर्डिंग स्वखर्चाने, कार्यक्रमाचं मानधन टॅक्सीत संपतं. आणि वय म्हणजे बावीस ते सत्तावीस. याच पाच वर्षांत पोरगं इंजिनियर होतं, एमएसला जातं नाहीतर बेंगळुरूला नोकरी लागते, घरचे स्थळं बघायला लागतात. बँडचं पहिलं बरं गाणं तयार होतं तेही नेमकं याच पाच वर्षांत.

राहिला कीबोर्ड. बरेच बँड कीबोर्डवाला गेला की नवा शोधतच नाहीत. त्याचे सगळे थर आधीच रेकॉर्ड केलेले असतात, ते लॅपटॉपवरून सोडायचे, ड्रमरच्या कानात टिकटिक द्यायची, त्याने ती धरली की सगळे त्याच्यामागे. प्रेक्षकांना वाद्यवृंद ऐकू येतो, स्टेजवर माणूस नाही. सोय आहे, पण मग गाणं रोज तेवढ्याच लयीत आणि तेवढ्याच लांबीचं. एखाद्या रात्री पब्लिक पेटलंय म्हणून एक फेरी जास्त घेऊ म्हटलं तर लॅपटॉप ऐकत नाही.

शिळोप्याची

मसाला मशीनवर कुटून घे 😂😂 त्या काकूंना माझा नमस्कार सांगा.

बाकी_शून्य

डबलबास, उत्तम प्रतिसाद. मात्र 'भांडणं निमित्त असतात' हे सरसकट पटलं नाही. काही वेळा प्रश्न सरळ हा असतो की गाणी कोण लिहिणार. एकजण घरून संपूर्ण गाणं बांधून आणतो, ड्रमसकट, कॉम्प्युटरवर. बाकीच्यांनी फक्त वाजवायचं. चांगला वादक असं किती दिवस करेल?

बेंगळुरूमुक्काम

आमच्या बेंगळुरूच्या क्रिप्टॉस बँडचं उदाहरण घ्या. १९९८ पासून चालू आहे. नोलन लुईस सुरुवातीपासून आजतागायत आहे. त्याच्यासोबत बँड काढणारा गणेश कृष्णस्वामी बाहेर पडला आणि पुढे बेवार सी या बँडमधे गायला लागला. ड्रमर, बासवाले बदलत गेले. तरी २०१३ ला वाकेन, २०१६ ला जर्मनीच्या एएफएम रेकॉर्ड्सवर 'बर्न अप द इमेज', मग २०१९, २०२१, २०२४ ला एकेक अल्बम. माणसं बदलताना आवाजही बदलला, पण तो एका दिशेने, जुन्या ऐंशीच्या दशकातल्या हेवी मेटलकडे. ऐकणाऱ्याला तुटल्यासारखं वाटत नाही. मला वाटतं दिशा धरणारा एक माणूस पुरतो.

साडेसातसप्तक

बेंगळुरूवाल्यांना कार्यक्रमांना पॅलेस ग्राउंड्सचं मैदान मिळालं, मेडन २००७ ला तिकडे आधी आले, मुंबईला २००८ ला. एवढं झाल्यावर बँड टिकवणं सोपं आहे 😏

बेंगळुरूमुक्काम

@साडेसातसप्तक, २००८ चा दौरा सुरूच मुंबईतून झाला होता, वांद्रे-कुर्ला संकुलातून. तक्रार कसली?

कुडाळचो_झील

'दशावतार' हे नाव वाचून मी हा अल्बम ऐकला होता, फसवणूक होईल या तयारीने. मत्स्यापासून कल्कीपर्यंत ओळीने दहा गाणी, इंग्रजीत. ऐकताना हसू आलं, कारण आमच्याकडे कोकणात दशावतार या लोकनाट्यात संकासुर येतो तो अंगभर काळा, तोंडावर काळा बुरखा आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ. ब्लॅक मेटलवाल्यांनी चेहरे रंगवायच्या कितीतरी आधीपासून जत्रेत पोरं त्याला बघून आईच्या मागे लपतायत.

पण मला रात्रपाळींच्या प्रश्नावर बोलायचंय. दशावताराची मंडळं मालकाच्या घराण्याच्या नावाने चालतात. पार्सेकर, वालावलकर, मोचेमाडकर. हंगाम संपला की नट एका मंडळातून दुसऱ्यात जातात. यंदाचा राजा पुढच्या साली समोरच्या कंपनीत. गावाला त्याचं काही वाटत नाही, पाटीवर नाव तेच असतं. इथपर्यंत तुमचा बँड आणि आमचं मंडळ सारखं.

गंमत पुढे आहे. आमच्याकडे छापील संहिता नसते. कथा ठरलेली, पदं ठरलेली, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतो. त्यामुळे चांगला नारद करणारा नट गेला की नुसता चेहरा जात नाही, त्याचे शब्दही जातात. नवा येतो तो स्वतःचे शब्द घेऊन. कथा तीच, आख्यान तेच, रात्र मात्र वेगळी होते. मंडळ तेच आहे का म्हणाल तर आहे. तोच खेळ आहे का म्हणाल तर नाही. मला डीआरचंही तसंच वाटतं. निशिथ हेगडेचे सोलो डॅनिएल रेगोसारखे नाहीत, नसावेतही.

वामकुक्षी

कुडाळचो झील, दंडवत. वेगळा धागा काढा दशावतारावर, या केसाळ लोकांत वाया घालवू नका.

शिळोप्याची

एक मिनिट. साहिल मखिजा म्हणजे हेडबँगर्स किचनवाला साहिल? कीटोवाला?? अहो त्याच्या पाककृती मी बघून करते! तो मधेमधे काळे टी-शर्ट घालतो, मला वाटायचं स्वयंपाक करताना डाग दिसू नयेत म्हणून.

रात्रपाळी

@शिळोप्याची, तोच 😂 आधी तो मेटलवाल्यांना बोलावून मांसाहारी पदार्थ करून घालायचा, कीटो नंतर आलं. तुम्ही आमच्या आधीपासून चाहत्या निघालात.

कर्कश

'मूळ माणसं' या गोष्टीला इतका भाव देऊ नये. नेपाम डेथचा पहिला अल्बम 'स्कम', १९८७. एका बाजूला एक संच, दुसऱ्या बाजूला दुसरा. दोन्हीकडे सामाईक माणूस फक्त एक, ड्रमर मिक हॅरिस. रेकॉर्ड उलटवली की बँड बदलतो! आणि आज त्यात मूळचा एकही नाही. तरी ग्राइंडकोर (मेटल आणि पंक मिळून झालेला अतिवेगवान प्रकार) म्हटलं की पहिलं नाव त्यांचंच.

ब्लॅक सॅबथचं बघा. १९६८ ला बर्मिंगहॅममधे चौघं जमले, १९७९ ला गायक ऑझी ऑसबर्नला काढलं, मग गायला डिओ, मग गिलन, मग ग्लेन ह्यूज, मग टोनी मार्टिन. सगळ्या काळात टिकलेला एकटा गिटारिस्ट टोनी आयोमी. १९८६ चा 'सेव्हन्थ स्टार' तर आयोमीला स्वतःच्या नावावर काढायचा होता, शेवटी कव्हरवर 'ब्लॅक सॅबथ, सोबत टोनी आयोमी' असलं त्रांगडं छापलं. पण जुलै २०२५ ला निरोपाचा कार्यक्रम झाला तो बर्मिंगहॅमच्याच व्हिला पार्क मैदानावर, आणि तिथे उभे राहिले ते पहिलेच चौघं. लोक आयुष्यभर वाट बघत होते ती त्यांचीच. सतरा दिवसांनी ऑझी गेला. तेव्हा मूळ माणसांना किंमत नाही असं मी म्हणत नाही. ती असते, पण भावनेला असते, आवाजाला नाही.

साडेसातसप्तक

@कर्कश, अहो पहिल्या वाक्यात 'भाव देऊ नये' आणि शेवटी 'किंमत असते'. ठरवा एकदा.

कर्कश

दोन्ही खरं आहे. सेपुल्टुरा घ्या. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंचीच्या काव्हालेरा भावांनी १९८४ ला काढलेला बँड. मॅक्स १९९६ ला गेला, इगोर २००६ ला. नाव राहिलं पावलो ज्युनियर आणि आंद्रेयास किसरकडे. आंद्रेयास १९८७ ला आलेला, पण बँडचा आवाज घडला तो त्याच्या गिटारवर. आता दोघे भाऊ मिळून जुने अल्बम वाजवत फिरतात आणि सेपुल्टुराने आपला निरोपाचा दौरा काढला. खरा सेपुल्टुरा कोणता यावर लोक अजून डोकी फोडतायत. मी दोन्ही ऐकतो.

मृणाल_चार_तारा

मी सहसा वाचनमात्र असते, पण या धाग्यावर बासवाल्यांची बाजू कोणी मांडणार नाही असं दिसतंय.

मी एका बँडमधे बास वाजवायचे. नाव सांगत नाही, तुम्ही ऐकलेलं नसणार. सोडलं ते नोकरीमुळे, भांडण झालं नाही. दोन वर्षांनी त्यांचा कार्यक्रम बघायला गेले. नवा मुलगा मी रचलेली बासची ओळ वाजवत होता, घसरण्याच्या जागेसकट. ती घसरण मी मुळात का घेतली होती, तर माझं बोट तिथे पोचायचं नाही म्हणून. त्याची बोटं लांब, त्याला गरज नव्हती. तरी तो घेत होता, कारण रेकॉर्डिंगमधे आहे. मला आनंद झाला आणि किंचित रागही आला, कारण त्या गाण्याखाली माझं नाव कुठेच नाही.

बाकी_शून्य म्हणाले ते इथे लागू पडतं. आपल्या लहान बँडांत गाणं कोणाचं हे कोणी लिहून ठेवत नाही. सुरुवातीला सगळे मित्र असतात, कागदाचं नाव काढलं की वाईट दिसतं. मग माणूस गेला की प्रश्न येतात: रेकॉर्डिंगचा खर्च कोणी केला होता, बँडचं नाव कोणाचं, यूट्यूबच्या खात्याचा पासवर्ड कोणाकडे. हसू नका, पासवर्ड गेलेल्या ड्रमरकडे असणं हा फार मोठा प्रश्न असतो. म्हणून एकाच्या ताब्यात सगळं असलेला बँड जास्त टिकतो. ते न्याय्य आहे असं नाही, पण टिकतो. साहिलने डेमॉनस्टीलर रेकॉर्ड्स नावाची स्वतःची कंपनी काढली, अल्बम काढायला कोणाच्या दारात जायची गरज ठेवली नाही. डीआर टिकायला ते कारण मला संगीताइतकंच मोठं वाटतं.

ठाण्याचा_डबलबास

@मृणाल, पासवर्डबद्दल मी काही बोलणार नाही 🙊

बाकी_शून्य

मृणालताई, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा.

रात्रपाळींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर खरं तर साहिलनेच देऊन ठेवलंय. त्याचे एकट्याचे अल्बम वेगळ्या नावाने आहेत, डेमॉनस्टीलर या नावाने. २००८ ला पहिला. २०१६ च्या 'धिस बर्डन इज माइन'वर ड्रमला नाइल बँडचा जॉर्ज कोलियास. २०२३ च्या 'द प्रोपगंडा मशीन'वर तर पाहुण्यांची रांग. म्हणजे ज्याला माणसं हवी तशी बोलवून स्वतःचं गाणं करायचंय त्याच्याकडे त्यासाठी वेगळी पाटी आहे. तरीही तो डीआर चालवतो, तिथे ठरलेले चौघं-पाचजण असतात, सराव करतात, प्रवास करतात. दुकान एकट्याचंच असतं तर दोन पाट्या कशाला लावल्या असत्या?

आणि रेप्टिलियन डेथ विसरू नका. तोही त्याचाच, सुरुवातीला एकट्याचा. २०१३ च्या अल्बमवर गायला भयानक मौतचा विनय वेंकटेश आला आणि साहिल स्वतः ड्रमवर बसला. संस्थापकाने माइक सोडलेला बँड. ते तोंडात मारल्यासारखं उदाहरण आहे 'येणारे-जाणारे' म्हणणाऱ्यांना.

रात्रपाळी

@बाकी_शून्य, दोन पाट्यांचा मुद्दा बिनतोड आहे. तरी माझं एक शेपूट उरतंच. वीरेंद्र कैथ तिन्ही अल्बमवर आहे, २०१०, २०१४ आणि २०१७. मी हे तिन्ही पाठोपाठ ऐकतो तेव्हा मला सलग धागा लागतो तो साहिलच्या आवाजाइतकाच त्याच्या पायांचा. गिटार बदलल्याचं जाणवतं, बास बदलल्याचं (मृणाल, माफ करा) फारसं नाही, पण ड्रम बदलले असते तर मला बँड बदलल्यासारखं वाटलं असतं. त्यामुळे मी आता असं म्हणेन की डीआर निदान २०१० पासून दोघांचा बँड आहे आणि बाकीच्यांनी तो प्रत्येक वेळी वेगळा वाजवला.

मृणाल_चार_तारा

बास ऐकू येत नाही यात बासवाल्याचा दोष नसतो, मिक्सिंगवाला बहुधा गिटारिस्टचा मित्र असतो.

जुनीकॅसेट

ऱ्हिदम हाउस हे कॅसेट-सीडींचं दुकान २०१६ ला बंद झाल्यापासून मी नवं काही विकत घेतलं नाही. पण या धाग्यामुळे डीआर ऐकायला घेतोय. कुठून सुरू करू? माझे कान 'सेकंड कमिंग'चे आहेत, हे लक्षात घेऊन सांगा.

साडेसातसप्तक

काका, तुम्ही 'द रिटर्न टू डार्कनेस' घ्या. घोगऱ्या आवाजाला घाबरू नका, मधे मधे तो साफ आवाजात गातो, तिथे श्वास घ्या. पहिला अल्बम सुरुवातीलाच ऐकू नका, तो प्रेमात पडल्यावर ऐकायचा.

कुडाळचो_झील

मी म्हणेन 'मत्स्य'. ओळखीची गोष्ट असली की ओरडणंसुद्धा समजतं.

शिळोप्याची

मी 'मत्स्य' लावलं. मुलगा दहावीत आहे, तो खोलीतून बाहेर येऊन म्हणाला, 'आई, तुझं अकाउंट कोणी हॅक केलंय का?' गाणं पूर्ण ऐकलं. पायांचं ते डबल बास का काय म्हणता ते कळलं, सारखं चालू असतं ते. शब्द नाही कळले. पण आता फ्लॉवरचा भात करताना त्याचंच गाणं लावणार.

ठाण्याचा_डबलबास

शिळोप्याची यांना मानद सदस्यत्व द्या.

जाता जाता: आमच्या सध्याच्या बँडचा बासवाला पुण्याला बदली होऊन गेला. सराव रविवारी दुपारी, ठाण्यातच. मृणालताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) तपासाल का?

मृणाल_चार_तारा

तपासला. गाण्याखाली नाव लिहिणार असाल तर येते.